अभिजितजवळचे कडे आणि न दिसणारा प्रकाश



यंदा वर्षावासात विहारातील रविवारच्या वर्गात मी एक छायाचित्र सर्वांना पाहायला दिले. नववीतल्या एका मुलीने ते परत देताना विचारले, "काका, हे रंग खरे आहेत की कॉम्प्युटरवर भरलेत?" ऐकले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा या प्रश्नाला नीट उत्तर देणे भाग आहे.

ते छायाचित्र अभिजित ताऱ्याजवळील कडेवजा अभ्रिकेचे होते. शास्त्रीय यादीत ती एम ५७. फ्रान्समधील निरीक्षकांना ती १७७९ साली दिसली. पुढे विल्यम हर्शल यांनी अशा गोल, फिकट वस्तूंना ग्रहबिंबासारख्या दिसतात म्हणून ग्रहांचे नाव दिले. मराठीत बिंबाभ्रिका म्हणतात. ग्रहांशी मात्र त्यांचा काडीचा संबंध नाही. (तसा ग्रहांचा आपल्या नशिबाशीही नाही. तरी शनीच्या शांतीसाठी मुदत ठेव मोडणारी माणसे मी बँकेच्या काउंटरवर पाहिली आहेत, आणि त्यांत आपलीही होती.)

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन सरत आले की तो फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, बाहेरचे थर अवकाशात सोडतो आणि मध्ये तप्त गाभा उरतो. गाभ्याच्या अतिनील किरणांनी सोडलेला वायू उजळतो. आपल्या सूर्याची ही पाळी सुमारे ५०० कोटी वर्षांनी येईल.

याच हर्शल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपटात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, थर्मामीटर ठेवला. पारा चढला! तेच अवरक्त किरण. तांबड्याला लागून असलेले ते निकट-अवरक्त. ते धुळीतून बरेच आरपार येतात. पण दूरच्या अवरक्त किरणांपैकी बरेचसे हवेतील बाष्पच गिळते. म्हणून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १ मीटर आरशाची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून वर पाठवली. जेम्स वेब दुर्बीण त्याही पुढे, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, १८ तुकड्यांचा. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती निघाली. स्वतःच्याच उष्णतेने चित्र बिघडू नये म्हणून तिची उपकरणे उणे २२० अंश सेल्सिअसहून थंड ठेवतात.

आता रंगांचे. दुर्बीण निरनिराळ्या गाळण्यांतून काळीपांढरी छायाचित्रे घेते. सर्वांत आखूड लहरींना निळा, सर्वांत लांब लहरींना तांबडा, असे रंग नंतर देतात. पेटीवर खालच्या पट्टीतले गाणे वरच्या पट्टीत घ्यावे, तसे हे. पट्टी बदलते, सुरांचा क्रम तोच राहतो. म्हणजे रंग दिलेले, पण आकृती खरी.

आणि आकृतीत काय सापडले? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांत हायड्रोजनच्या सुमारे २०,००० दाट गाठी मोजल्या गेल्या. कड्याबाहेर साधारण दहा मंद कमानीही दिसल्या. एकेक कमान सुमारे २८० वर्षांनी बनली असावी आणि त्यामागे मरणाऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा एखादा जोडीदार असावा, असा कयास आहे.

हा प्रकाश निघून दोन ते अडीच हजार वर्षे झाली, म्हणजे सम्राट अशोकांच्या काळाच्या अलीकडे-पलीकडे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास संध्याकाळी अभिजित वायव्येला बराच वर असतो. बदलापूर गावातील दिव्यांपासून दूर, बारवी धरणाच्या बाजूला लहान दुर्बीण नेली, तर धुराचे करडे कडे दिसेल. रंग दिसणार नाहीत, हे त्या मुलीला आधीच सांगितले आहे. तरी ती विचारते आहे, कधी जायचे?