बोरघाट: चढा रेल्वेने, उतरा पायवाटेने

कर्जतला गाडी थांबली की बटाटेवडा घ्याच, पण खाता खाता गाडीच्या शेपटाकडेही एक नजर टाका. तिथे बँकर, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं, जोडली जात असतात. पुढे ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. एकट्या इंजिनाचं ते काम नव्हे.

फेरी एका दिवसाची आहे. सकाळी रेल्वेने घाट चढून लोणावळा, रिक्षाने कुरवंडे, चालत नागफणी, मग कुरवंडे घाटाने खाली कोकणात चावणी आणि खोपोलीहून परत. पुणेकरांनी गाडीतला घाट परतीला पाहावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम; पावसात उताराच्या वाटेला जाऊ नका.

रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस इंग्लंडला परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, जाणकार इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला: २५ बोगदे, ८ मोठे पूल. भर कामात चाळीस हजारांवर मजूर डोंगरात होते. पटकीने त्यांतले हजारो गेले. त्यांची नावं कुठल्या बोगद्यावर नाहीत.

खंडाळ्याअलीकडे तेव्हा गाडी उलटी फिरवावी लागे: एका टोकाचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि पुढचा चढ चढायचा. १९२९ मध्ये नवी वाट काढली आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन सुटलं. हे सगळं गाडीतूनच पाहा. रुळांवरून घाटातल्या मंकी हिल स्टेशनला चालत जाण्याचं वेड कृपा करून सोडा. तो गुन्हा आहे, आणि समोरून गाडी आली की बोगद्यात पळायला जागा नसते.

कुरवंड्याहून नागफणी तासाभराची. इंग्रजांनी या सुळक्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक पाहिलं, आपल्या लोकांनी नागाची फणी. मला नागच दिसतो. माथ्यावर महादेवाचं छोटं देऊळ आहे. कड्यापासून लांब बसा आणि खाली बघा: रेल्वेचे बोगदे, द्रुतगती मार्ग, पलीकडे राजमाची. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० मध्ये, इंग्रजांनी गाड्यांसाठी घाटरस्ता केला. त्याची वाट शिंगरोबा धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्यालाच मारलं, असं इथे सांगतात. घाटातल्या त्याच्या देवळापुढे ड्रायव्हर आजही नाणं टाकतात. त्याच रस्त्यावरचा अमृतांजन पूल मात्र एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडला.

आता उतार. कुरवंडे घाट या सगळ्यांच्या आधीचा. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मुघल फौज घेऊन याच वाटेने उतरला आणि खाली उंबरखिंडीत शिवाजीराजांनी त्याला कोंडलं. खानासोबतच्या सरदार रायबागनने शरण जायचा सल्ला दिला, म्हणून तो जिवंत सुटला. सावकाश उतरलात तर तीन-एक तास लागतील. माणशी तीन लिटर पाणी हवंच. चावणीजवळ अंबा नदीकाठी विजयस्मारक आहे. तिथून शेमडीला या आणि खोपोलीचं वाहन धरा.

खोपोलीत डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ दिसतील. लोणावळा, वळवण, शिरवता इथल्या तलावांचं पाणी टाटांनी या उतारावर सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. वेळ उरला तर नाना फडणविसांनी बांधलेलं वीरेश्वराचं देऊळ आणि तळं पाहा. घाटातली रेल्वे व्हायच्या आधी मुंबईची गाडी या खोपोलीतच संपत असे. पुढे खंडाळ्यापर्यंत पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी. आजही इथे रूळ संपतात. लोकल मोजक्याच आहेत, तेव्हा परतीची वेळ घरून निघतानाच पाहून ठेवा.