आजारपणाआधी कार्ड

बाळा, तुझ्या आईला सत्तर पूर्ण झाली ना? मग आधी तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घे. "आपण कुठे दारिद्र्यरेषेखाली?" असं ती म्हणेल. तिला सांग, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. तुझे बाबाही सत्तरीपुढचे, म्हणजे ते ५ लाख दोघांत मिळून.

वय धरतात ते आधारवरचं. त्यामुळे जन्मतारीख नीट बघ, आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, तेही बघ.

तुझ्या काकांच्या वेळी आमची धांदल उडाली होती. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. सेवा केंद्रातल्या मुलाने बोट ओल्या रुमालाने पुसलं, कोरडं केलं, चारदा दाबून पाहिलं. मशीन काही घेईना. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली, तीही ते पलंगाला खिळायच्या आधी गेलो होतो म्हणून. म्हणून म्हणते, आई हिंडतीफिरती आहे तोवर जाऊन या.

तिचा मधुमेह जुना आहे म्हणून घाबरू नकोस, आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. पण हे कार्ड भरती झाल्यावरच चालतं. रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी यात नाही. ते पैसे वेगळे ठेवायलाच हवेत. आणि तिचा मेडिक्लेम असेल तर तो अजिबात बंद करू नकोस, दोन्ही ठेवता येतात. बाबांना सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, असेल तर मात्र दोन्हींतलं एकच घ्यावं लागतं. सीजीएचएसमध्ये औषधंही मिळतात, तेव्हा घाई नको.

हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे एवढ्यावर विसंबू नकोस. हृदयासाठी असलेलं हाडांसाठी असेलच असं नाही. १४५५५ या हेल्पलाइनवर विचार. आणि पोचल्यावर पैशाच्या खिडकीवर जायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनीसाला, गाठ. एका हॉस्पिटलात मी घाबरून आधी डिपॉझिट भरून बसले. ते परत मिळवायला मला तीन आठवडे खेपा घालाव्या लागल्या. उपचारांना मंजुरी आली का, ते आरोग्यमित्राकडूनच विचारून घे.

शनिवारी येशील तेव्हाच तिला घेऊन जा. तिचं आधार, मोबाईल आणि चष्मा बरोबर घे.