इंग्रजी वाक्यांत काम कोणीं केलें? — ॲक्टिव्ह व पॅसिव्ह व्हॉइस

आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ उपदेशक बंधूंजवळ मराठी पवित्र शास्त्राबरोबर एखादें इंग्रजी शास्त्रही असतें, आणि रविवारच्या उपदेशाची तयारी करितांना ते दोन्ही शेजारीं ठेवून वाचितात. ही चाल चांगली आहे. परंतु इंग्रजी क्रियापदाचें रूप नीट ओळखलें नाहीं, तर काम कोणीं केलें आणि तें कोणावर घडलें ह्याचाच घोटाळा होतो, व तोच घोटाळा पुढें उपदेशांत उतरतो. ह्यास्तव ॲक्टिव्ह व्हॉइस आणि पॅसिव्ह व्हॉइस ह्या दोन रूपांविषयीं थोडें सविस्तर लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शाळेंत मुलांकडून असें पाठ करून घेतात कीं, ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरि प्रयोग आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणि प्रयोग. हें अर्धेंच खरें आहे. मराठींत प्रयोग ओळखतांना क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणें बदलतें हें आपण पाहतों. ‘उपदेशक चिठ्ठी लिहितो’ हा कर्तरि प्रयोग. कारण ‘लिहितो’ हें रूप उपदेशकाप्रमाणें आहे. तीच गोष्ट काल घडली असें सांगावयाचें झालें, तर आपण म्हणतों, ‘उपदेशकानें चिठ्ठी लिहिली.’ येथें ‘लिहिली’ हें रूप चिठ्ठीप्रमाणें स्त्रीलिंगी झालें, म्हणून हा कर्मणि प्रयोग. लिहिणारा तोच, चिठ्ठी तीच. केवळ काळ बदलल्यानें प्रयोग बदलला. आणि ‘उपदेशकानें मुलाला बोलाविलें’ ह्या वाक्यांत तर क्रियापद उपदेशकाकडेही पाहत नाहीं व मुलाकडेही पाहत नाहीं. तो भावे प्रयोग होय.

इंग्रजीला ह्या लिंगवचनाच्या खटपटीशीं कर्तव्य नाहीं. ती एवढेंच विचारते कीं, वाक्यांत जो मुख्य स्थानीं बसला आहे तो काम करणारा आहे, कीं काम सोसणारा आहे? ‘द टीचर रोट द लेटर’ ह्यांत मुख्य स्थानीं टीचर आहे आणि त्यानें काम केलें, म्हणून ही ॲक्टिव्ह व्हॉइस. तिचें मराठी मात्र कर्मणि प्रयोगांत होतें. ‘द लेटर वॉज रिटन बाय द टीचर’ ह्यांत मुख्य स्थानीं चिठ्ठी आहे आणि तिच्यावर काम घडलें, म्हणून ही पॅसिव्ह व्हॉइस. तिच्या जवळचें मराठी म्हणजे ‘चिठ्ठी लिहिली गेली’ किंवा ‘चिठ्ठी लिहिण्यांत आली’. म्हणून आमची अशी सूचना आहे कीं, मराठीसाठीं ‘प्रयोग’ हा शब्द ठेवावा, इंग्रजीसाठीं ‘व्हॉइस’ हा ठेवावा, आणि एकाचें नांव दुसऱ्यास देऊं नये.

(आमच्या भाषेंत जुन्या काळीं ह्या अर्थाचें एक स्वतंत्र रूपही होतें. ‘करिजे’, ‘म्हणिजे’ अशीं रूपें ज्ञानेश्वरांच्या वेळच्या मराठींत आढळतात. तीं आतां गेलीं. परंतु ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ हे त्यांचेच अवशेष आपल्या तोंडीं रोज असतात.)

पॅसिव्हची घडण सोपी आहे. ‘बी’ ह्या क्रियापदाचें एखादें रूप आणि त्यापुढें मुख्य क्रियापदाचें तिसरें रूप, एवढेंच लागतें. काळ दाखविण्याचें काम ‘बी’ करितें: ‘इज रिटन’, ‘वॉज रिटन’, ‘हॅज बीन रिटन’, ‘विल बी रिटन’. ‘रिटन’ जागचें हालत नाहीं. काम करणारा सांगावयाचा असल्यास त्यामागें ‘बाय’ लावितात. न सांगितला तरी वाक्य पुरें होतें. ज्या क्रियापदाला कर्मच नाहीं, जसें ‘गो’, ‘कम’, ‘स्लीप’, त्याची पॅसिव्ह होत नाहीं.

येथें दोन खळगे आहेत. पहिला ‘बाय’चा. ‘बाय’ दिसला कीं कर्ता सांपडला असें समजूं नये. निकदेम प्रभूकडे ‘बाय नाइट’ आला, म्हणजे रात्रीं आला; रात्रीनें कांहीं केलें नाहीं. दुसरा खळगा १६११ सालच्या इंग्रजी भाषांतराचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. त्या काळच्या इंग्रजींत येणें, जाणें, उठणें अशा क्रियापदांपुढें आजच्याप्रमाणें ‘हॅज’ न लावितां पुष्कळदां ‘इज’ लावीत. म्हणून ‘इज कम’ म्हणजे ‘आला आहे’, आणि ‘इज रिझन’ म्हणजे ‘उठला आहे’. ‘इज’ दिसला तरी ही पॅसिव्ह नव्हे.

आतां कोणी विचारील कीं, कर्ता लपविणारें असें वाक्य हवें तरी कशाला? कर्ता ठाऊक नसतो, किंवा सांगण्याचें कारण नसतें, तेव्हां तें उपयोगी पडतें. ‘मंदिर अमक्या सालीं बांधलें गेलें’ म्हणतांना प्रत्येक गवंड्याचें नांव कोण सांगतो? परंतु मंडळीच्या वर्गणीचा हिशेब इंग्रजींत लिहून धाडतांना ‘द मनी हॅज बीन स्पेंट’ एवढेंच लिहिलें, तर पैसे खर्च झाले हें समजतें, कोणीं खर्चिले हें समजत नाहीं. अशीं वाक्यें हिशेबाच्या कागदांत आमच्या पाहण्यांत वारंवार येतात. व्याकरणाच्या दृष्टीनें तीं शुद्ध आहेत, तथापि वडीलमंडळानें तीं तशींच स्वीकारूं नयेत. कोणाच्या हातून व कोणाच्या सांगण्यावरून पैसा गेला, हें त्याच वाक्यांत ‘बाय’ लावून सांगतां येतें.

पवित्र शास्त्रांत मात्र कर्ता न सांगण्याचें कारण बहुधा निराळें असतें. यहूदी लोक देवाचें नांव उच्चारण्यास फार भीत असत, आणि देवाची करणी सांगतांना पुष्कळदां कर्त्याची जागा रिकामी ठेवीत. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांतील धन्यवादांत शोक करणाऱ्यांस सांत्वनाचें, नीतिमत्त्वाची भूक लागलेल्यांस तृप्तीचें व शांति करणाऱ्यांस देवाचीं मुलें म्हटलें जाण्याचें अभिवचन आहे. इंग्रजींत हीं तिन्ही क्रियापदें पॅसिव्ह आहेत. सांत्वन कोण करणार? शेजारी नव्हे, देव.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायांत तर सर्व वाद ह्या रिकाम्या जागेवरूनच उठला. छपरांतून खालीं सोडलेल्या पक्षाघाती मनुष्याला प्रभूनें पापांच्या क्षमेविषयीं जें सांगितलें, त्यांतील क्रियापद पॅसिव्ह आहे आणि क्षमा करणारा कोण हें त्यांत नाहीं. तेथें बसलेल्या शास्त्र्यांनीं ती जागा मनांतल्या मनांत भरली: क्षमा करणारा एक देवच, मग हा असें कसें बोलतो? त्यांचें व्याकरण चुकलें नव्हतें. पुढें दहाव्या वचनांत प्रभु मनुष्याच्या पुत्राला क्षमा करण्याचा अधिकार असल्याचें सांगतो, आणि तेथें क्षमा करणें हें क्रियापद ॲक्टिव्ह आहे. रिकामी जागा त्यानें स्वतः भरली. जो उपदेशक ‘त्याचीं पापें नाहींशीं झालीं’ एवढेंच म्हणून पुढें जातो, त्याच्या श्रोत्यांस शास्त्री कां रागावले हेंही कळत नाहीं आणि प्रभूनें काय उत्तर दिलें हेंही कळत नाहीं.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत हा भेद आणखी एका रीतीनें दिसतो. चौथ्या वचनांत १६११ च्या भाषांतरांत ‘रोज’ हें क्रियापद आहे, म्हणजे ‘उठला’. १८८१ सालीं नवा करार सुधारून छापण्यांत आला, त्यांत तेथें ‘हॅथ बीन रेझ्ड’ आहे, म्हणजे ‘उठविला गेला आहे’. ‘राइझ’ला कर्म नाहीं, म्हणून त्याची पॅसिव्ह नाहीं, ‘रेझ’ला कर्म आहे, म्हणून त्याची होते. मूळ ग्रीक क्रियापदाचें रूप पॅसिव्ह असल्यामुळें दुसरें भाषांतर त्याला अधिक धरून आहे. उठविणारा कोण हें शोधण्यास दूर जावयास नको. पंधराव्या वचनांत पौल देवाचें नांव स्पष्ट घेतो. ह्यावरून ‘उठला’ हें म्हणणें खोटें ठरतें असें मात्र कोणी समजूं नये. आपला प्राण परत घेण्याचा अधिकार आपणांस आहे असें प्रभूनेंच योहानाच्या दहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. पित्यानें उठविलें व पुत्र उठला, अशा दोन्ही बाजूंनीं शास्त्र बोलतें. आपण कोणत्या वचनावर उपदेश करीत आहों तें पाहून बोलावें.

ज्यांस सराव करावयाचा असेल त्यांनीं हीं तीन वाक्यें वहींत उतरून घ्यावीं: ‘द सीड वॉज सोन बाय नाइट’, ‘द विडो गेव्ह टू कॉइन्स’, ‘द गेस्ट इज कम’. प्रत्येकांत काम करणारा कोण, तो वाक्यांत सांगितला आहे कीं नाहीं, आणि व्हॉइस कोणती, हें लिहावें. मधल्या वाक्याचें मराठी करून त्यांत प्रयोग कोणता झाला तोही लिहावा.