गिनीपिगसाठी जाणकार पशुवैद्य

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत माणसाळवला गेलेला कृंतक, म्हणजे कुरतडणारा, प्राणी आज मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये हौसेने पाळला जातो. मात्र तो दुकानातून जितक्या सहज घरी येतो, तितक्या सहज त्याला बरे करणारा पशुवैद्य सापडत नाही. आपल्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे रोजचे काम गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि शहरांत कुत्री-मांजरे यांच्याभोवतीच राहिलेले असल्यामुळे, कुत्र्यांच्या आजारांत निष्णात असलेला डॉक्टरही गिनीपिगच्या बाबतीत अंदाजाने चालत असण्याची शक्यता असते, आणि जेमतेम किलोभर वजनाच्या जिवाला चुकलेला अंदाज सहसा सोसत नाही.

प्रतिजैविकांच्या वापरात हा धोका सर्वाधिक ठळकपणे दिसतो. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर असलेल्या उंडुक नावाच्या पिशवीसारख्या भागात गवत पचवणारे जिवाणू राहतात. पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे, विशेषतः तोंडावाटे दिल्यास, या उपयुक्त जिवाणूंचा नाश करतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम प्रकारचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी काही दिवसांतच दगावू शकतो. पेनिसिलिन गिनीपिगला घातक ठरते, हे १९४३ मध्येच प्रसिद्ध झालेले आहे. असे असूनही प्रस्तुत लेखकाच्या घरातील एका मादीला शिंका आणि नाकातून स्राव सुरू झाल्यावर जवळच्या दवाखान्यातून अ‍ॅमॉक्सिसिलिनचे सिरप देण्यात आले. शिंका कमी झाल्या, पण लेंड्या आधी मऊ आणि मग पाण्यासारख्या पातळ झाल्या, एरवी पिशवीचा आवाज येताच शीळ घालणारी ती मादी कोथिंबिरीलाही तोंड लावेना, केस फुलवून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहिली आणि अखेर गेली. उपचार करणाऱ्याच्या हेतूत तिळमात्र खोट नव्हती. उणीव होती ती या एका प्राण्याविषयीच्या माहितीची, आणि तशी माहिती समोरच्या डॉक्टरांकडे आहे की नाही, हे प्राणी धडधाकट असतानाच तपासून घेता येते.

त्यासाठी दूरध्वनीवर नम्रपणे विचारलेले दोन-तीन प्रश्न पुरतात. गिनीपिगला कोणती प्रतिजैविके देत नाहीत, हा पहिला. शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रात्रभर उपाशी ठेवायचे का, हा दुसरा. गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारख्या दीर्घ उपवासाची त्याला गरज नसते, उलट पोट रिकामे राहिल्यास आतड्यांची हालचालच मंदावते, म्हणून या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आल्यास दुसरा दवाखाना पाहावा. तिसरा प्रश्न दातांचा. या प्राण्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या वळल्या की भूक असूनही त्याला गिळता येत नाही, लाळ गळते, हनुवटी ओली राहते; अशा वेळी पुढचे दात पाहून ‘ठीक आहे’ म्हणणे किंवा तेवढेच कापून देणे निरुपयोगी असते, कारण दाढा पाहण्यासाठी प्रकाशाचे उपकरण आणि बहुधा गुंगीचे औषध लागते. आहारातील क जीवनसत्त्वाची चौकशी डॉक्टर आपणहून करतात का, हेही पाहावे. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी याच प्राण्यात स्कर्व्ही घडवून दाखवला होता, आणि लंगडणाऱ्या, सांधे सुजलेल्या गिनीपिगच्या बाबतीत ती शक्यता विचारात न घेता वेदनाशामक देऊन पाठवणे अपुरे ठरते.

असा डॉक्टर शोधताना ससे आणि पक्षी यांच्यावर नियमित उपचार करणाऱ्यांपासून सुरुवात करणे श्रेयस्कर, कारण सशाच्या आणि गिनीपिगच्या पचनसंस्थेत बरेच साम्य आहे. परळ येथील १८८६ पासूनच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थांतही विचारणा करावी. ‘मला पाहून सांगावे लागेल’ असे मोकळेपणाने म्हणणारा आणि खरोखर ग्रंथ उघडून पाहणारा डॉक्टर, ठामपणे चुकीचे औषध लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह होय.

पालकाचे काम मात्र दवाखान्याच्या आधी सुरू होते. शिकार होणारा प्राणी असल्यामुळे गिनीपिग आजार लपवतो, म्हणून दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन करून ते ग्रॅममध्ये नोंदवावे. घसरत जाणारा आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांआधीच इशारा देतो आणि डॉक्टरांनाही निदानाची दिशा देतो. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नसेल, तर उद्याची वाट न पाहता निघावे, सोबत ताज्या लेंड्या आणि चालू औषधांची नावे न्यावीत, आणि एप्रिल-मेच्या उन्हात टोपली हवेशीर व सावलीत ठेवावी, कारण उष्माघात या प्राण्याला फार लवकर होतो. प्रवास लांबचा असल्यास गवताच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, कोमट पाण्यात भिजवून केलेली पेज सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेकडून, थेंबाथेंबाने आणि गिळायला अवधी देत भरवता येते. मात्र पोट फुगून घट्ट झाले असेल, तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत काहीही भरवू नये.