पंख्याचं पातं वाकलंय, बोट पाण्यात घालावी का?

प्रश्न : बेंगळुरूच्या 2022 मधल्या पुरानंतर आमच्या सोसायटीने आउटबोर्ड मोटर लावलेली रबरी बोट घेतली. परवा सरावात पंखा दगडावर आपटला आणि एका पात्याचं टोक वाकलं. आता काय करावं?

उत्तर : पात्याआधी शाफ्ट बघा. इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि पंखा हाताने सावकाश फिरवा. मागून पाहताना मधला नट डगमगला तर शाफ्ट वाकलाय. मग थेट मेकॅनिक. नट जागच्या जागी फिरत असेल तर नुकसान किरकोळ. काठावरच्या बारीक खाचा कानशीने घासून काढता येतात, पण वाकलेलं टोक घरी ठोकून सरळ करू नका. अ‍ॅल्युमिनियम तडकतं. तो पंखा तसाच चालवलात तर थरथरीने सील आणि बेअरिंग जातात. जादा पंखा हाताशी हवाच.

पंखा बदलायला उतरवाल तेव्हा शाफ्टभोवती तंगूस अडकलीय का पाहा. ती सील कापते, पाणी आत शिरतं. मोटर रात्रभर उभी ठेवून गिअरचा खालचा स्क्रू किंचित सैल करा : तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय.

तुमच्याकडच्या तलावांत जलपर्णी आणि प्लास्टिक फार. इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढायची जाळी त्यानेच तुंबते. इंजिनामागची पाण्याची बारीक धार थांबली, की त्याच क्षणी इंजिन बंद करा.