वजनाचा काटा

रमजानचा महिना सुरू झाला की काही मुले रोज वजनाच्या काट्यावर उभी राहतात. दोन-तीन दिवसांत वजन एखादा किलो कमी दिसते. मुले खूश होतात. ईदनंतर काटा पुन्हा वर चढतो. मुले निराश होतात. असे का होते?

आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. रोजात हा साठा कमी होतो आणि त्याबरोबरचे पाणीही जाते. इफ्तारनंतर आपण जेवतो, पाणी पितो. साठा पुन्हा भरतो. खारट पदार्थ खाल्ले, तर शरीर आणखी पाणी धरून ठेवते.

चरबीचे तसे नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २,००० ते २,५०० कॅलरी लागतात. मग एका दिवसात किलोभर चरबी कशी जाईल? हिशेब करून पाहा.

मुलांनो, तुमचे वय वाढीचे आहे. उंचीबरोबर वजनही वाढणारच. म्हणून वजन घटवण्यासाठी सहरी टाळू नका. चक्कर आली, तर लगेच घरच्या मोठ्यांना सांगा. वजनाची काळजी वाटली, तर डॉक्टरांना विचारा. रोजा इबादतीसाठी असतो, काट्यासाठी नाही.

शब्दार्थ : यकृत – जिगर, साठा – जखीरा, निराश – मायूस.

प्रश्न : ईदनंतर वजन पुन्हा का वाढते?