छत्री लव्हाळा : जास्त पाणी घालणाऱ्या मुलांचं झाड

मुलांच्या हातची कुंडीतली झाडं तहानेने कमी आणि जास्त पाण्यानेच अधिक मरतात. झाड मेलं की मुलाची हौसही मरते. अशा मुलाला छत्री लव्हाळा लावायला द्या. याला पाणी कितीही चालतं. नर्सरीत तो ‘अम्ब्रेला पाम’ म्हणून मिळतो, पण तो पामही नाही आणि गवतही नाही. शेतातला नागरमोथा आणि प्राचीन इजिप्तमध्ये ज्यापासून कागद करत तो पपायरस, हे त्याचे भाऊबंद.

गवत आणि लव्हाळ्यातला फरक पाठ करून घेऊ नका. नागरमोथ्याची फुलाची दांडी मुलांना चिमटीत धरून फिरवू द्या, तीन कडा बोटांना लागतात. गवताची काडी गोल, तिला पेरं असतात. (छत्रीच्या दांडीच्या कडा बोथट असतात, म्हणून आधी नागरमोथाच बरा.)

रोप विकत आणायलाच हवं असं नाही. कुणाकडून तरी एक छत्री दोन-तीन इंच दांडीसकट मागून आणा. पानं निम्मी छाटा आणि ती चक्क उलटी करून वाटीभर पाण्यात ठेवा. साधारण दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मध्यातून मुळं आणि कोंब फुटतात. मग बिनभोकाच्या जुन्या बादलीत माती भरून लावा. पाणी मातीवर साचू देऊ नका, डास होतात. साचवायचंच असेल तर गप्पी मासे सोडा.

जादा झालेले गड्डे मात्र ओढ्यात फेकू नका. हा मूळचा आफ्रिकेकडचा, काठाकाठाने पसरतो.